आवाज आहे, पत्ता नाही

मोबाईलवर गाणी, पुस्तकं आणि कार्यक्रम ऐकवणाऱ्या ॲपांबद्दल एक मत हल्ली मोठ्या खात्रीनं मांडलं जातं. श्रोत्याला शोधायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं. तो काय ऐकतो हे यंत्र बघतं आणि पुढचं त्याच्या ताटात आपोआप वाढतं. मग शोधाच्या चौकटीवर कष्ट आणि पैसा कशाला घालवायचा? मराठीत तर नकोच, कारण मराठी माणूस तिथं फार काही लिहीत नाही, आणि लिहिलं तरी शुद्धलेखनाचा पत्ता नसतो. हे मत चुकीचं आहे, आणि मराठीपुरतं बोलायचं तर घातक आहे. त्यातला एकेक मुद्दा तपासून मी हे दाखवणार आहे.

सुरुवात घाटघरपासून करतो. गेल्या भातलावणीच्या दिवसांत मी जुन्नर तालुक्यातल्या या गावी एका घरात मुक्कामाला होतो. नाणेघाटाच्या डोक्यावरचं गाव, शेजारी जीवधन, कड्याखाली कोकण. संध्याकाळी पाऊस धरून होता. घरच्या आजी नातवाला म्हणाल्या, ‘आरं, त्या जात्यावरच्या ओव्या लाव ना त्याच्यात.’ नातू दहावीतला, मोबाईल कोळून प्यायलेला. त्यानं इंग्रजी अक्षरांत ‘जाते’ लिहिलं, तर निघून जाणाऱ्या प्रियकरांची हिंदी गाणी आली. ‘ओव्या’ लिहिलं, तर काहीच नाही. देवनागरीत ‘जात्यावरच्या’ लिहिलं, तर पुन्हा काहीच नाही. शेवटी वर जे दिसत होतं तेच त्यानं लावून दिलं. आजींनी थोडा वेळ ऐकलं आणि चुलीकडे वळता वळता म्हणाल्या, ‘नाही त्याच्यात.’

होतं त्याच्यात. दोन दिवसांनी एका जुन्या कॅसेटचं नाव मला आठवलं आणि ते जसंच्या तसं लिहिल्यावर त्याच ॲपात जात्यावरच्या गाण्यांचा अख्खा संच उघडला. म्हणजे माल दुकानात होता. पण मालाच्या खोक्यावर कंपनीनं काय छापलंय हे ज्याला आधीच ठाऊक, त्यालाच तो मिळणार होता. आजींनी तक्रार केली नाही, कुणाला लिहून कळवलं नाही. ‘नाही’ असं समजून त्या उठल्या. उद्या त्या कंपनीच्या बैठकीत कुणी आकडे काढले, तर त्या घरातून तीन वेळा शोध झाला आणि मग थांबला, एवढंच दिसेल. त्यावरून निष्कर्ष निघेल की गावाकडची माणसं शोधत नाहीत. विहिरीचा दोर कापायचा आणि मग म्हणायचं, की या गावाला तहान लागत नाही!

आता पहिला मुद्दा: शिफारस असली की शोध लागत नाही. शिफारशीला माझा विरोध नाही. चांगला दुकानदारही चार गोष्टी पुढे ठेवतो. पण यंत्राची शिफारस आधी वाजलेल्याच्या आधारानं चालते. जे पुष्कळ वाजलं ते आणखी वाजतं. जे एकदाही वाजलं नाही त्याच्याबद्दल यंत्राकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. नव्या सिनेमाच्या गाण्याला ही रीत मानवते. जात्यावरची ओवी, भारूड, वग, दूर तालुक्यातल्या कीर्तनकाराचं कीर्तन यांना ती मानवत नाही, कारण त्यांचा श्रोता विखुरलेला असतो आणि तो नेमकं काहीतरी मागत येतो.

नेमकं मागणं म्हणजे काय, हे पाहायला याच तालुक्याच्या पूर्वेला जावं. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला, चैत्रातल्या जत्रांच्या आधी, तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच आणि यात्रा कमिट्या तिथं सुपारी द्यायला येतात. प्रत्येक राहुटीवर फडाचं नाव ठळक लिहिलेलं असतं. आलेला माणूस विचारतो: आमच्या जत्रेची तारीख रिकामी आहे का, वग कोणते आहेत, सोंगाड्या कोण, माणसं किती, बिदागी किती. दोन राहुट्या फिरून तिसऱ्या राहुटीत सौदा ठरतो. लिहिता-वाचता न येणारी माणसंही तिथं बिनचूक निवड करत आली आहेत, कारण विचारायला जागा आहे आणि विचारलेल्याला उत्तर आहे. फडमालक स्वतःची शिफारस करतोच. पण पंचांना राहुटीच्या दारात अडवून ‘गेल्या साली पाहिलंत तसलंच यंदाही घ्या’ असं कुणी सांगत नाही. गावकऱ्याला शोधता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा पाडव्याला नारायणगावला यावं.

दुसरा मुद्दा जरा तांत्रिक आहे, म्हणून तो सविस्तर घेतो. म्हणतात, मराठीत शोध बसवणं अवघड. एकेक माणूस एकेक तऱ्हेनं लिहितो. लिहितो हे खरं. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना मराठी माणूस ‘डीएनवाय’नं सुरुवात करतो, हिंदीच्या वळणाचा ‘जीवाय’नं, संस्कृतच्या वळणाचा ‘जेएन’नं. ‘ळ’ला इंग्रजीत अक्षरच नाही, त्यामुळे ‘गवळण’ हा शब्द चार घरांत चार तऱ्हांनी उमटतो. देवनागरीतही गोंधळ आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र टाइप करण्याच्या दोन पद्धती आहेत, पडद्यावर शब्द सारखाच दिसतो, पण यंत्राच्या पोटात ते दोन वेगळे शब्द असतात. ‘ॲप’मधल्या पहिल्या अक्षराचंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधीपासूनचे लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत होते आणि अजूनही लिहितात. डोळ्याला एक, यंत्राला दोन.

त्यावर आपली विभक्ती आणि अनेकवचन. ‘ओवी’ची ‘ओव्या’ होते, ‘ओव्यांची’ होते. ‘गाणं’चं ‘गाण्याचं’ होतं. ‘जातं’ लिहिलेली नोंद ‘जात्यावरच्या’ विचारणाऱ्याला मिळायची तर दोन्ही रूपं एकाच शब्दाची आहेत हे यंत्राला ठाऊक हवं. पहिलीतल्या मुलाला ते न शिकवता येतं; यंत्राला शिकवावं लागतं.

हे सगळं अवघड आहे, पण नवं नाही, आणि ‘अवघड’ म्हणजे ‘अशक्य’ नव्हे. उच्चार सारखा आणि स्पेलिंग वेगळं अशी नावं एकत्र शोधण्याची युक्ती अमेरिकेत साउंडेक्स नावानं निघाली आणि तिचं पेटंट १९१८ सालचं आहे. जनगणनेच्या नोंदींतली आडनावं त्या पद्धतीनं लावली गेली. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी लागतील, हे अंतर मोजण्याचं गणित रशियन शास्त्रज्ञ लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडलं. ‘तुम्हाला असं म्हणायचं होतं का?’ हा प्रश्न विचारणारी यंत्रं त्याच जातीच्या गणितावर उभी आहेत. मराठी शब्दांचे अर्थ आणि समानार्थी शब्द एकमेकांशी जोडून दाखवणारं मराठी शब्दजाळं मुंबईच्या आयआयटीनं तयार केलं आहे. ‘जात्यावरची गाणी’ मागणाऱ्याला ‘दळणाच्या ओव्या’ दाखवायला असंच जाळं लागतं. रोमन अक्षरांतलं भारतीय भाषांचं लेखन मूळ लिपीत आणण्यासाठी मद्रासच्या आयआयटीतल्या ‘एआयफॉरभारत’ या गटानं २०२२ साली ‘अक्षरांतर’ हा संग्रह खुला केला. त्यात मराठीसह २१ भाषांच्या सुमारे २ कोटी ६० लाख शब्दजोड्या आहेत. म्हणजे हत्यारं तयार आहेत आणि त्यांतली बरीच कुणालाही वापरायला मोकळी आहेत. उणीव आहे ती ही हत्यारं हातात घेण्याच्या इच्छेची.

इथं एक उतारा सुचवला जातो: टाइप करूच नका, बोलून शोधा. आजींसारख्यांसाठी हे हवंच, आणि त्यात दुर्गम भागातली बोलीही यंत्राला समजायला हवी. पण बोलणं म्हणजे शोधाचा दरवाजा. आत गेल्यावर कपाटं बिननावाची असतील तर दरवाजा सोन्याचा करूनही उपयोग नाही. आजी स्पष्ट बोलल्या, यंत्रानं स्पष्ट ऐकलं, आणि नोंदीत लिहिलंय ‘भाग ७’. मग पुन्हा तेच, ‘नाही त्याच्यात.’

यावरून आपण तिसऱ्या आणि मुख्य मुद्द्यावर येतो. कंपन्यांची बाजू घेणारे म्हणतात, नोंदी नीट नाहीत हे खरं, पण त्या आम्हाला मिळतातच अशा. जुन्या मराठी ध्वनिमुद्रणांची माहिती गोळा करायची कुणी, आणि कशी?

याचं उत्तर पुणे जिल्ह्याच्याच डोंगरांत दिलं गेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोन अभ्यासकांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे त्या कामातून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बेर्नार्ड बेल या संगीत-संगणक अभ्यासकानं नव्वदच्या दशकात त्यांचा संगणकीय कोश उभा केला आणि हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रणही केलं. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि विषय जोडलेला आहे. सीता, विठ्ठल, भाऊ, माहेर, बाबासाहेब: ज्या विषयावर बायका गायल्या त्या विषयानं ओवी सापडते. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं हा ठेवा लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. मोठं भांडवल पाठीशी नसताना, मूठभर माणसांनी, ज्या गाण्यांना गीतकार नाही, संगीतकार नाही, कॅसेटचं कव्हर नाही, त्यांची ही नोंद केली. मग ज्या गाण्यांचं कव्हर आहे, करारपत्र आहे, १२ अक्षरांचा आंतरराष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संकेतांकसुद्धा आहे, त्यांची नोंद का होत नाही?

गाव आणि तालुका लिहिणं ही हौस नव्हे. ‘घाटघर’ एवढंच लिहून पाहा. एक घाटघर जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाटाचं. दुसरं अकोले तालुक्यातलं, जिथं २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. दोन्ही सह्याद्रीच्या धारेवर, दोन्हीकडे मुसळधार पाऊस, दोन्हीकडे महादेव कोळी समाज. नोंदीत तालुका नसेल तर एका गावच्या बाईचा आवाज दुसऱ्या गावाच्या नावावर खपेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

सिनेमा, भावगीत आणि नाट्यगीतांच्या बाबतीत ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ पाहा. गीतकार, संगीतकार, गायक, राग, नाटक, चित्रपट, गीतप्रकार, अशा प्रत्येक वाटेनं तिथं गाण्यापर्यंत पोचता येतं. अलका विभास यांनी गाण्याच्या प्रेमापोटी ते उभं केलं आणि वाढवलं. एका व्यक्तीच्या निष्ठेतून जे झालं ते शेकडो अभियंत्यांच्या कंपनीला जमत नाही, हे मी मानायला तयार नाही. जमत नाही असं नाही. ते करण्याजोगं काम वाटत नाही.

आवाजाला नाव जोडण्याची गरज ध्वनिमुद्रण जन्मलं तेव्हाच ओळखली गेली होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली, तेव्हा गाणं संपल्यावर त्या स्वतःचं नाव उच्चारत. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या. तिथल्या कामगाराला कोणत्या तबकडीवर कोणतं नाव चिकटवायचं ते त्यावरून कळे. आपल्या संतांनी तर त्याच्या कितीतरी आधी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली. हजारो मुखांतून फिरूनही रचना कुणाची हे पुसलं जाऊ नये, ही त्यामागची व्यवस्था. आणि याच जुन्नर तालुक्यात, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपते. कोणत्या दिशेनं, कधी, कोणत्या वारंवारितेवर हे लिहिल्याशिवाय तिथल्या निरीक्षणाला किंमत नाही. नोंद नसेल तर उरते ती खरखर. आकाशातल्या आवाजाला जो नियम, तो आजींच्या ओवीला का नको?

नोंदींचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हक्काचाही आहे. २०१२च्या दुरुस्तीनं प्रताधिकार कायद्यात गीतकार आणि संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का झाला. तो सहजी लिहून काढून घेता येत नाही. पण ज्याचं नाव नोंदीत नाही त्याचा वाटा पोचवायचा कुठे? ॲपात बहुतेक वेळा फक्त गायकाचं नाव ठळक असतं. कवी शोधायला जावं तर तो नसतोच. मराठी भावगीत ज्यांच्या शब्दांवर उभं राहिलं त्यांनाच शोधाच्या चौकटीत ओळख नसावी, हा अन्याय लहान नाही.

शोधाइतकंच आतून फिरणंही महत्त्वाचं. ‘गीतरामायण’ घ्या. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही मालिका आठवड्याला एक गीत अशी वर्षभर चालली. त्या वर्षी अधिक मास आल्यानं ५२ऐवजी ५६ गीतं झाली. ही कथा आहे, तिला क्रम आहे. आकाशवाणीवर ती माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी गायली. पुढे घराघरांत पोचली ती फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात. हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. श्रोत्याला दोन्ही हवे असतील, आणि क्रमानं हवे असतील. पण गाणी उलटसुलट वाजवणं हाच स्वभाव असलेल्या ॲपात सीताहरण आधी आणि स्वयंवर नंतर येतं, मध्येच भलत्याच कुणाचं गाणं शिरतं. अशा ठिकाणी ‘पुढचं आपोआप’ ही सोय राहत नाही, ती मोडतोड ठरते.

तमाशाचं तेच. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग ही त्याची बांधणी. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग आहे. ॲपात मात्र तीन तासांचं ध्वनिमुद्रण एका सलग पट्टीसारखं पडलेलं असतं. ज्याला बतावणी ऐकायची तो अंगठ्यानं चाचपडत बसतो. ध्वनिफितीत प्रकरणं पाडण्याची सोय पॉडकास्टमध्ये केव्हाचीच आहे. मराठी सादरीकरणाची प्रकरणं शतकानुशतकं नावानिशी ठरलेली आहेत. फक्त ती दोन एकत्र आणायची आहेत.

शेवटचा मुद्दा पैशाचा. म्हणतात, हे सगळं ठीक, पण किती लोकांसाठी? २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. देशात हिंदी आणि बंगालीनंतर तिसरी भाषा. हा बाजार छोटा नाही. पण मी केवळ बाजाराच्या आधारानं बोलणार नाही, कारण मग कोकणीच्या, कातकरीच्या, ठाकरीच्या वाट्याला काहीच उरणार नाही. ज्यांनी लोकांचे आवाज आपल्या साठ्यात घेतले, त्यांच्यावर ते सापडतील असे ठेवण्याची जबाबदारी येतेच. ग्रंथालय पुस्तक घेतं तेव्हा त्याचं कार्डही करतं. कार्ड न करता पुस्तक फडताळात कोंबणाऱ्याला आपण ग्रंथपाल म्हणत नाही.

आता मागणी नेमक्या शब्दांत. मराठी शब्दाची सगळी रूपं आणि सगळी लेखनं एकाच ठिकाणी पोचावीत. गायकाबरोबर गीतकार, संगीतकार, साल, गाव, तालुका आणि प्रकार यांनी शोधता यावं. क्रम असलेल्या रचना क्रमानं वाजाव्यात आणि लांब ध्वनिमुद्रणांत नावानिशी टप्पे असावेत. डोंगरात रेंज येते आणि जाते, म्हणून मोबाईलवर उतरवून ठेवलेल्या गाण्यांतही तसाच शोध चालावा. आणि नोंद चुकली असेल तर श्रोत्याला दुरुस्ती सुचवता यावी. त्या ओव्या कुठल्या गावच्या, हे घाटघरच्या आजी कुठल्याही यंत्रापेक्षा चांगलं सांगतील.

त्या मुक्कामात मी नाणेघाटाच्या लेण्यात गेलो होतो. तिथं सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या आठ मूर्ती कोरलेल्या होत्या. दोन हजारांहून अधिक पावसाळे झाले. त्या मूर्ती आज नाहीत, जेमतेम खुणा उरल्या आहेत. पण प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मी अक्षरांत नाव कोरलं होतं. सिमुक सातवाहन, राणी नायनिका, सातकर्णी, कुमार हकुसिरी. ती नावं उरली, म्हणून इथं कोण उभं होतं ते आपण सांगू शकतो. कोरणाऱ्याला ठाऊक होतं की चेहरा झिजतो आणि येणाऱ्याला ओळख पटवायला अक्षर लागतं.

आपल्याकडे उलटं झालं आहे. आवाज जसाच्या तसा शाबूत आहे, एका अक्षराचीही झीज नाही. डोक्यावरची नावं तेवढी कुणी कोरलेली नाहीत. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही, कारण नावं सांगणारी माणसं आज हयात आहेत आणि त्यातली पुष्कळ सत्तरीच्या पुढची आहेत. चुलीकडे वळता वळता ‘नाही त्याच्यात’ म्हणणाऱ्या आजीही त्यांतल्याच. त्यांना विचारून लिहून घ्या, त्या असतानाच.